‘मारणारे स्वतःच तसले असणार’: हे वाक्य आपण इतक्या सहज का बोलतो?

टॅमरॅमाकर (मूळ धागा)

गेल्या आठवड्यात इथल्या आमच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर एक बातमी आली. एका मुलाला डेटिंग ॲपवरून भेटायला बोलावलं आणि चार-पाच पोरांनी मिळून बेदम मारलं. खाली पहिलीच प्रतिक्रिया: ‘मारणारे स्वतःच तसले असणार. दाबून ठेवलं की असं बाहेर येतं.’ त्यावर सात अंगठे. अंगठे देणारी सगळी भली माणसं, गणपतीत माझ्या शेजारी बसून मोदक वळणारी. आपण गे लोकांच्या बाजूने बोललो असंच त्यांना वाटत होतं. तिथे मला लिहायला सुचलं नाही, म्हणून इथे लिहितोय. जरा लांबण लागेल.

मी सिडनीत राहतो. बॉन्डायहून टॅमरॅमाकडे कड्याकडेने पायवाट जाते, डाव्या हाताला सतत समुद्र. रविवारी तिथे इतकी गर्दी असते की बाबागाड्या चुकवत चालावं लागतं. त्या वाटेवर मार्क्स पार्क लागतं. आता तिथे स्मारक आहे. ऐंशीच्या दशकात रात्री गे पुरुष तिथे एकमेकांना भेटायला येत आणि त्यांना मारायला पोरांच्या टोळ्या येत. जुलै १९८९ मध्ये रॉस वॉरन नावाचा टीव्हीवर बातम्या देणारा तरुण इथून नाहीसा झाला. त्याच्या किल्ल्या खडकांत सापडल्या, तो आजवर सापडला नाही. त्याच नोव्हेंबरात जॉन रसेल हा बारमध्ये काम करणारा माणूस कड्याखाली मेलेला मिळाला. त्याच्या हाताला दुसऱ्या कुणाचे तरी केस चिकटले होते. पोलिसांनी ते केस हरवले. पडला असेल, म्हणाले. दोघांचाही खून झाला असं कॉरोनरने (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी) नोंदवायला २००५ उजाडलं.

रॉस नाहीसा झाला त्याच्या आदल्या वर्षी, डिसेंबर १९८८ मध्ये, सिडनीतल्याच मॅनलीजवळच्या नॉर्थ हेडच्या कड्याखाली स्कॉट जॉन्सन हा २७ वर्षांचा अमेरिकन गणिताचा विद्यार्थी सापडला. कपडे वर नीट घडी घालून ठेवलेले, पाकीट गायब. पोलिसांनी आत्महत्या ठरवून टाकली. म्हणजे ‘गे होता, दुःखी असणार’ हाही एक समजच, आणि त्या समजाने तीस वर्षं खाल्ली.

पण मला ज्या घटनेबद्दल बोलायचंय ती जानेवारी १९९० ची. अलेक्झांड्रिया नावाच्या वस्तीतलं पार्क. तिथल्या शौचालयाच्या भिंतीवर लिहिलेला एक फोन नंबर पोरांनी फिरवला आणि रिचर्ड जॉन्सनला भेटायला बोलावलं. तो आला. पोरं आठ होती, शाळकरी वयाची. त्यांनी त्याला मारून मारून संपवलं. पुढे आठही जणांना शिक्षा झाली.

आता मला सांगा, आठच्या आठ पोरं ‘आतून तसली’ होती? आणि नेमकी सगळी एकाच संध्याकाळी एकाच पार्कात जमली? इथे तेव्हा या प्रकाराला एक शब्दच रूढ होता, पोरं आपसात तो क्रिकेटला जाऊ म्हणावं तसा वापरत. सिडनीत हे प्रकार इतके झाले की न्यू साउथ वेल्स सरकारला न्यायिक आयोग नेमावा लागला. न्या. जॉन सॅकर यांचा अहवाल डिसेंबर २०२३ मध्ये आला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पोलीस आयुक्तांनी जाहीर माफी मागितली.

‘तो स्वतःच तसला असणार’ म्हटलं की काय होतं बघा. मेलेला गे, मारणाराही गे. चला, त्यांचं आपसातलं प्रकरण! आपण, आपली पोरं, आपली शाळा, आपले विनोद सगळे मोकळे. मला यातलं हेच खटकतं.

*

चकलीबहाद्दर

धागा चांगला आहे, पण तुम्ही एका टोकाला गेलात. दडपलेल्या इच्छा ही काही व्हॉट्सॲप विद्यापीठाची थिअरी नव्हे. अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठात १९९६ मध्ये प्रयोग झालाय. गे लोकांचा तिटकारा करणाऱ्या पुरुषांना तसले व्हिडिओ दाखवून शरीराची प्रतिक्रिया मोजली, आणि तिटकारा करणारेच जास्त उत्तेजित झाले. शिवाय अमेरिकेतल्या ओरलँडोच्या पल्स या गे क्लबात गोळीबार करणारा तो. तो स्वतः त्याच क्लबात जायचा हे सगळ्या जगाने वाचलंय. विज्ञानाला भावनेने उत्तर देऊ नये.

*

संत्रं_नागपुरी

चकलीदादा, ओरलँडोचं मी सांगते, मी तिथून दीड तासावर राहते.

१२ जून २०१६ च्या पहाटे तिथे ४९ माणसं गेली. त्या रात्री क्लबात लॅटिन नाइट होती, मेलेल्यांत पोर्तो रिकोची पोरं भरपूर. दोन दिवसांत ‘तो क्लबात दिसायचा’, ‘त्याचं ॲपवर खातं होतं’ असं सुरू झालं. एकजण तर वेषांतर करून टीव्हीवर आला आणि म्हणाला, मी त्याचा प्रियकर. एफबीआयने खोदून पाहिलं, एकाही गोष्टीला पुरावा मिळाला नाही. मग २०१८ मध्ये हल्लेखोराच्या बायकोवर खटला चालला (ती सुटली). त्यात जे बाहेर आलं ते वाचून मी थक्क झाले. हल्लेखोर आधी डिस्ने स्प्रिंग्ज या खरेदी-करमणुकीच्या ठिकाणी जाऊन आला होता. तिथे बंदोबस्त दिसला. मग फोनवर ओरलँडोतले नाइटक्लब शोधले आणि पल्सला पोचला. ती गे लोकांची जागा आहे हे त्याला ठाऊक होतं याचासुद्धा धड पुरावा नाही. फोनवर पोलिसांशी बोलताना तो आयसिसशी निष्ठा सांगत होता, सीरिया-इराकमधल्या बॉम्बफेकीबद्दल बोलत होता.

पण पहिल्या दोन दिवसांतली गोष्ट जगाने वाचली. २०१८ ची कुणी वाचली? तुम्ही आज २०१६ चीच सांगताय ना.

*

चकलीबहाद्दर

ओरलँडोचं हे माहीत नव्हतं. मागे घेतो. प्रयोगाचं काय?

*

बोरूबहाद्दर_७६

मग पल्स गे-विरोधी हल्ला नव्हताच म्हणा की! इतकी वर्षं मेणबत्त्या कशाला लावल्या?

*

संत्रं_नागपुरी

बोरूदादा, मेणबत्त्या मेलेल्यांसाठी लावतात, मारणाऱ्याच्या मनासाठी नाही. तिथल्या पोरांना ती जागा सुरक्षित वाटायची. ती गेली. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या ऑगस्टमध्ये, क्लबाजवळच्या झेब्रा क्रॉसिंगचे इंद्रधनुषी पट्टे राज्य सरकारने रातोरात पुसले. दुसऱ्या दिवशी लोक खडू घेऊन रंगवायला बसले होते. इतकंच सांगायचं होतं.

*

नर्मदाकाठ

प्रयोगाबद्दल मी लिहितो, शिकवतो तो विषय.

त्यात ६४ पुरुष होते. एवढेच. विद्यार्थी. त्यांतल्या कुणी कुणाला मारलं होतं असं नाही, त्यांना प्रश्नावली देऊन ‘तिटकारा आहे’ आणि ‘नाही’ असे दोन गट पाडले. आता प्रश्नावलीत ‘मला किळस वाटते’ला खूण करणारा आणि रात्री बॅट घेऊन पार्कात जाणारा हे एकच का? ज्यांनी प्रयोग केला त्यांनीसुद्धा लिहून ठेवलंय की अस्वस्थतेनेही शरीर तसं वागू शकतं. हे कुणी फॉरवर्ड करत नाही.

मारणाऱ्यांकडे थेट बघणारं काम वेगळं आहे. कॅरन फ्रँकलिन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या कॉलेजांतल्या सुमारे पाचशे तरुणांना विचारलं की तुम्ही कधी गे समजून कुणाला मारलंय, धमकावलंय, चिडवलंय का. दहातला एक म्हणाला की हो, मारलंय किंवा धमकावलंय. हे तुरुंगातले नव्हेत, वर्गात बसलेले. कारणं चार प्रकारची निघाली. मित्रांसमोर आपण पुरुष आहोत हे दाखवणं. गे लोक वाईटच असतात ही पक्की धारणा. कंटाळा आणि गंमत. आणि ‘त्याने माझ्याकडे तसं पाहिलं’ म्हणून केलेला ‘बचाव’. बॉस्टनच्या पोलिसांकडच्या १६९ द्वेष-गुन्ह्यांच्या फायली लेव्हिन आणि मॅकडेव्हिट यांनी तपासल्या. त्या नुसत्या गेंच्या नव्हत्या, सगळ्या प्रकारच्या होत्या. त्यांतही दोन तृतीयांश प्रकरणं निव्वळ मजा म्हणून. द्वेष हेच जीवितकार्य मानणारा माणूस त्या ढिगाऱ्यात एक निघाला. एक!

आपण शोधतो राक्षस, नाहीतर रोगी. बाकावर शेजारी बसलेला मुलगा आपल्याला दिसतच नाही.

*

अण्णा_शनिवारपेठ

सगळं खरं असेल, पण एक बाजू कुणी मांडत नाही. समोरच्याने नको तिथे हात लावला तर माणसाचं डोकं फिरणारच. मारहाणीचं समर्थन नाही, परंतु कारण तर समजून घ्या.

*

वकीलीणबाई

अण्णा, लोकलमध्ये रोज कुणी ना कुणी बायकांच्या अंगाला हात लावतं. तुमच्या हिशोबाने दादर स्टेशनवर रोज मुडदे पडायला हवेत. पडत नाहीत. बाई जास्तीत जास्त पिन टोचते नाहीतर चप्पल काढते.

या युक्तिवादाला जगभरच्या कोर्टांत नाव आहे, ‘गे पॅनिक’. त्याने प्रेमाचा इशारा केला, माझा तोल गेला, म्हणून खुनाऐवजी सदोष मनुष्यवध धरा. मॅथ्यू शेपर्ड या गे विद्यार्थ्याच्या खुनाच्या खटल्यातही (अमेरिकेतलं वायोमिंग, खून १९९८ चा) आरोपीच्या वकिलांनी हे आणायचा प्रयत्न केला होता, न्यायाधीशांनी अडवलं. कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये कायद्यानेच हे दार बंद केलं. धागाकर्त्यांच्या ऑस्ट्रेलियात साउथ ऑस्ट्रेलियाने सगळ्यात शेवटी, २०२० मध्ये. म्हणजे परवापरवापर्यंत तुमचं हे ‘कारण’ कोर्टात सवलत मिळवून देत होतं.

*

अण्णा_शनिवारपेठ

चप्पलचा मुद्दा मान्य. बाकी बघू.

*

गवती_चहा

टॅमरॅमाकर, तुम्ही एक गोष्ट सोयीने गाळली असं वाटतं. स्कॉट जॉन्सनच्या प्रकरणात २०२० मध्ये जो पकडला गेला, त्याने आपण स्वतः गे असल्याचं सांगितलं होतं ना? मग तुमच्या मोदकवाल्यांचं बरोबरच निघालं की.

*

टॅमरॅमाकर

गवती चहा, बरोबर पकडलंत. मूळ लेखात मुद्दामच टाळलं होतं, चूक माझी.

स्कॉट व्हाइट. घटनेच्या वेळी १८ वर्षांचा. स्कॉट जॉन्सनच्या भावाने तीस वर्षं पिच्छा पुरवला, पोलिसांच्या दहा लाख डॉलरच्या बक्षिसात स्वतःचे दहा लाख घातले, तेव्हा कुठे अटक झाली. २०२३ मध्ये सदोष मनुष्यवधाची कबुली, नऊ वर्षं. मी गे आहे आणि माझ्या भावाला कळेल याची भीती होती, असं त्याने सांगितलं होतं. पोटच्या मुलांसमोर मात्र गे लोकांना मारल्याच्या बढाया मारायचा, हे त्याच्या माजी बायकोने कोर्टात सांगितलं. न्यायाधीशांनी हा द्वेष-गुन्हा असल्याचं सिद्ध झालं नाही असंही म्हटलं. म्हणजे गुंता आहेच.

असे लोक नसतातच, असं मी म्हणत नाही. एका प्रकरणात असला म्हणून अलेक्झांड्रियाची आठ पोरं, टॅमरॅमाच्या टोळ्या, सगळ्यांवर तोच शिक्का मारायचा का, एवढंच विचारतोय. आणि व्हाइटच्या गोष्टीतही नीट बघा, भीती कुणाची? भावाची. मुलांना बढाई कशाची सांगायची? मारल्याची. ती बढाई मोठेपणाची वाटावी असं घर आणि असं गाव आधी असावं लागतं.

*

मी_अनामिक_पुणे

आयडी आजच काढलाय. बरेच दिवस इथे नुसता वाचतो.

माझ्याबरोबर हे झालंय, दोन वर्षांपूर्वी. ॲपवर बोलणं झालं, फोटो वगैरे दिले-घेतले. सिंहगड रस्त्याला एका अर्धवट इमारतीजवळ भेटायचं ठरलं. तो आला. मागून अजून तिघं. वय सांगायचं तर अकरावी-बारावीची पोरं. एकाने कॉलेजची सॅक लावली होती.

धाग्यावर लिहायचं कारण असं, की मला त्यांची बोलणी अजून शब्दन्‌शब्द आठवतात. सगळ्यात मोठा होता त्याने मला हातही लावला नाही. तो मोबाईलवर शूटिंग करत होता आणि हसत होता. सॅकवाला सारखा म्हणत होता, ‘दाद्या, बास ना आता, जाऊ.’ त्यावर मोठा म्हणाला, ‘काय रे, तुला पण आवडला काय?’ बाकीचे दोघं खिदळले. आणि मग सॅकवाल्याने मला मारलं. पहिल्यांदा. आणि सगळ्यात जोरात.

तेव्हा इथे जे वाक्य चाललंय ना, ‘मारणारा स्वतःच तसला असणार’, ते मी त्या रात्री त्यांच्या तोंडून ऐकलंय. त्या वाक्यामुळेच मला मार पडला. माझे दोन दात त्या वाक्याने गेलेत.

पैसे जीपेवरून घेतले, अठरा हजार. जाताना मोठा म्हणाला, ‘कम्प्लेंट कर, आम्ही पण तुझ्या घरी व्हिडिओ पाठवतो.’ मी चौकीत गेलो होतो. तिथे पहिला प्रश्न, ‘तू तिथे रात्री कशाला गेला होतास?’ मी मित्राकडे म्हणालो आणि उठून आलो. घरी सांगितलं, गाडीवरून पडलो. आई अजून त्या जागेवरून जाताना हात जोडते.

*

चकलीबहाद्दर

अनामिक, काय लिहू कळत नाही. माझी पहिली पोस्ट काढून टाकायला ॲडमिनना सांगितलंय.

*

टॅमरॅमाकर

काढू नका चकलीदादा, राहू दे. नाहीतर खालचं कुणाला उत्तर दिलंय तेच कळणार नाही.

अनामिक, भिंतीवरचा नंबर आणि ॲप. चौतीस वर्षांत एवढाच फरक पडला.

*

फळा_खडू

मी २६ वर्षं माध्यमिक शाळेत शिकवलं, सातारा जिल्ह्यात. ‘बायल्या’ हा शब्द मी मधल्या सुट्टीत किती वेळा ऐकला असेल. खरं गे असण्याशी त्याचा काही संबंध नसायचा. एखादा रांगोळी छान काढायचा, एखादा कबड्डीत पकड सोडायचा. एकदा आठवीतल्या एका मुलाला चौघांनी मुतारीत कोंडलं. मी चौघांना उभं केलं. त्यांतला एक आदल्या वर्षी स्वतः कोंडला गेलेला होता. तो म्हणाला, ‘बाई, नाहीतर मला परत कोंडलं असतं.’

मी चौघांना छड्या दिल्या आणि प्रकरण मिटवलं. तेव्हा तेवढंच सुचलं.

*

संत्रं_नागपुरी

अनामिकने चौकीचं लिहिलं त्यावरून रामचंद्र सिरस सर आठवले, तेही गे होते. आमच्या नागपूरकडचे, अलिगढच्या विद्यापीठात मराठी शिकवायचे, कवी. ८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री दोन माणसं कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसली. दुसऱ्या दिवशी विद्यापीठाने निलंबित केलं ते सरांना, घुसलेल्यांना नाही! १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने सरांच्या बाजूने आदेश दिला आणि ७ तारखेला ते भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले. कसे गेले याचा उलगडा झाला नाही.

अण्णा म्हणतात ना, डोकं फिरतं. डोकं फिरलेला माणूस कॅमेरा चार्ज करून आणत नाही.

*

बोरूबहाद्दर_७६

पण अनामिकच्या केसमध्ये तर उघड लूटमार आहे. पैशासाठी केलं. याला गे-विरोधी का म्हणायचं? उगाच प्रत्येक गोष्टीला रंग देऊ नये.

*

वकीलीणबाई

बोरूदादा, लुटायला त्यांनी अख्ख्या पुण्यातून कोण निवडला? जो तक्रार करणार नाही अशी त्यांना खात्री होती तो. ती खात्री त्यांना कुणी दिली? मॅथ्यू शेपर्डचंही पाकीट नेलं होतं. त्यावरून तिकडे इतकी वर्षं वाद घालतात, लूट की द्वेष. दोन्ही एका हातात मावतात.

*

ॲडमिन

दोन प्रतिसाद उडवले आहेत. एका सदस्याने दुसऱ्याला ‘तुम्हाला एवढा पुळका का, तुम्ही पण त्यातलेच का’ असं विचारलं होतं. धाग्याचा विषय वाचून मग विचारा.

*

गवती_चहा

हहपुवा (हसून हसून पुरेवाट), आणि तेही या धाग्यावर! असो. वकीलीणबाई, अनामिकला आता काही करता येईल का? दोन वर्षं झाली. गे संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम तर गेलं ना?

*

वकीलीणबाई

सप्टेंबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रौढांमधले संमतीचे संबंध ३७७ मधून बाहेर काढले. म्हणजे तिथे जाणं हा गुन्हा नाही. अनामिक, तू कशाला गेला होतास याचं उत्तर ‘भेटायला’ एवढंच आहे आणि त्यावर कुणी तुला आत टाकू शकत नाही.

जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, त्यात ३७७ पूर्णच गळालं. त्याचा एक तोटा झाला, पुरुषावर जबरदस्तीने अत्याचार झाला तर त्यासाठी वेगळं कलम उरलं नाही. कोर्टात त्यावर भांडण झालंय. तुझ्या बाबतीत मात्र मारहाण, जबरी चोरी, खंडणी सगळं उभं राहतं. घटना जुलै २०२४ च्या आधीची असेल तर जुनी कलमं, नंतरची असेल तर नवी. दोन्हीकडे हे गुन्हे आहेत, आणि एवढ्या गंभीर गुन्ह्यांची मुदत दोन वर्षांत संपत नाही. गे असल्यामुळे मारलं, अशी वेगळी नोंद मात्र आपल्याकडे होत नाही. तो रकानाच नाही. म्हणून कुणी म्हणालं, ‘आमच्याकडे असं काही होत नाही,’ तर कागदावर ते खरंच दिसतं.

अनामिक, जीपेवर पैसे कुणाच्या नावावर गेले ते दिसतंय का अजून?

*

मी_अनामिक_पुणे

दिसतंय. पूर्ण नाव, आडनावासकट. फोन बदलला तरी ती एन्ट्री मी अधूनमधून बघतो. सॅकवाल्याचं खातं असणार. फोटोत तीच सॅक आहे.

*

वकीलीणबाई

स्क्रीनशॉट काढून ठेव, बँकेचं त्या महिन्याचं स्टेटमेंट मागव, दातांच्या डॉक्टरांचा कागद असेल तर शोध. कुठेही जाऊ नकोस आत्ता. व्यनि (खासगी निरोप) केलाय, त्यात माझा नंबर आहे. चौकीत मी बरोबर येईन, काळा कोट घालून येईन. मग पहिला प्रश्न वेगळा असतो.

*

मी_अनामिक_पुणे

व्यनि मिळाला. आईला आधी सांगायचं का नंतर, तेवढं ठरत नाहीये.

*

फळा_खडू

आधी सांग बाळा. ती त्या रस्त्याला हात जोडतेय.